१.५० मधलं शेवटचं शून्य

१.५ आणि १.५० यांत फरक काय, असं गणिताच्या सरांना विचारलंत तर ते म्हणतील, काहीच नाही. दशांश चिन्हानंतर शेवटी कितीही शून्यं लावा, किंमत बदलत नाही. हाच प्रश्न बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला विचारून बघा. तिथे १.५ ग्रॅम लिहिणं म्हणजे तुमचा काटा ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंतच वाचतो असं सांगणं. १.५० लिहिणं म्हणजे शंभराव्या भागापर्यंत पाहिलं आणि तिथे शून्य दिसलं असं सांगणं. पहिल्या आकड्यामागे खरं वजन १.४५ ते १.५५ यांत कुठेही असू शकतं, दुसऱ्यामागे १.४९५ ते १.५०५ यांत. दहापट फरक आहे! आणि किराणा दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणेल, बिलावर १.५ कोण लिहितं हो? दीड रुपया म्हणजे १.५०.

माझ्या पीएचडीचा विषय या शून्याच्या आसपास फिरतो. जुन्या मोजमापांच्या नोंदी (पाऊस, तापमान, नदीची पातळी) कागदावरून संगणकात येतात, तिथून एपीआय मार्फत दुसऱ्या संगणकात जातात, तिसऱ्यात जातात. या प्रवासात आकडा तोच राहतो, पण तो किती बारकाईने मोजला होता ही माहिती वाटेत गळते. "पण ते तर सॉफ्टवेअरवाल्यांचं काम, त्यात संशोधन काय?" असं मला अधूनमधून विचारलं जातं. म्हणून आज हे शून्य कुठे, कधी आणि कोणाच्या निर्णयाने हरवायला लागलं त्याचा इतिहास सांगते. कोड फारसा येणार नाही, घाबरू नका.

सुरुवात दशांश अपूर्णांकांपासून. समरकंदला अल-काशीने १४२७ मध्ये पूर्ण केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात ते व्यवस्थित मांडले होते. युरोपात त्यांचा खरा प्रचार केला सायमन स्टेविनने, १५८५ मध्ये लायडनहून छापलेल्या 'दे थिएंदे' या छोट्याशा पुस्तिकेत. ही पुस्तिका गणितज्ञांसाठी नव्हतीच. खगोल पाहणारे, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, पिंपांची मापं घेणारे, टांकसाळीतले लोक आणि व्यापारी असा तिचा वाचक होता. स्टेविनने दशांश चिन्ह वापरलं नाही. प्रत्येक अंकापुढे तो वर्तुळात त्याचं स्थान लिहायचा: दशांशापुढे वर्तुळातला १, शतांशापुढे वर्तुळातला २. लिहायला किचकट, पण त्यात प्रत्येक अंक आपली जागा स्वतः सांगतो. शतांशाच्या जागी शून्य लिहिलंत तर 'हा शतांश आहे आणि तो शून्य आहे' हे तिथे स्पष्ट दिसतं. पुढे नेपियरच्या लॉगरिदमच्या पुस्तकांमुळे १६१० च्या दशकात साधा टिंब रुळत गेला. (टिंबाचा शोध त्याच्याही दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी, १४४० च्या दशकात इटलीतल्या जोव्हान्नी बिआंकीनीच्या कोष्टकांत सापडतो, हे अगदी अलीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. संशोधनाच्या विश्वात असं काही वाचलं की उगाच हुरूप येतो.)

आता आपल्याकडे या. स्थानमूल्य आणि शून्य आपलं, हे शाळेत आपण ऐकलेलंच असतं. पण व्यवहारातले अपूर्णांक आपण दहाने भागत नव्हतो, दोनाने भागत होतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट म्हणजे साडेतीन. आजी-आजोबांना विचारा, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे त्यांच्या तोंडी असतील, निदान त्यांच्या आईवडिलांच्या तरी होते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सगळे दोनाचे घात. (पै तेवढी आडवी येते. आण्याच्या बारा पै, म्हणजे मधे तीन घुसला.)

१ एप्रिल १९५७ ला भारतात रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून सरकारी तक्ता आला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. दोन आण्यांत अर्धा पैसा गेला, तीन आण्यांत पाव पैसा वर आला, चार आण्यांवर हिशोब पुन्हा चोख जुळला. म्हणूनच आणे जाऊन कित्येक दशकं उलटली तरी चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द टिकले आणि तीन आणे, पाच आणे गेले. जुनी आणि नवी पद्धत फक्त पाव, अर्धा आणि पाऊण रुपयावरच तंतोतंत एक होतात.

हे लक्षात ठेवा, कारण आपला संगणक आण्यांत विचार करतो.

खरं तर सगळे संगणक पहिल्यापासून असे नव्हते. १९४० च्या दशकातला एनिॲक दशमान होता, दहा-दहा अंकांचे वीस संचयक असलेला. १९४६ मध्ये बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमान यांनी पुढच्या यंत्राच्या रचनेबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात द्विमान पद्धतीची बाजू मांडली: विद्युत भाग मुळात चालू-बंद अशा दोनच अवस्थांचे असतात आणि गुणाकार-भागाकाराची यंत्रणा सोपी होते. वैज्ञानिकांनी ते उचललं. व्यापाऱ्यांनी नाही उचललं. बँका आणि विमा कंपन्यांसाठी आयबीएमने १९५४ मध्ये ६५० आणि १९५९ मध्ये १४०१ ही यंत्रं बाजारात आणली, ती दशमानच होती. कोबोल ही व्यापारी भाषा १९६० च्या सुमारास आली, तिच्यात प्रत्येक आकड्याचं 'चित्र' आधीच काढून द्यावं लागायचं: पाच अंक, मग न छापलेलं दशांश चिन्ह, मग दोन अंक. पैशांची दोन घरं त्या आकड्याच्या व्याख्येतच होती. तिथून शून्य पळून जाणं शक्य नव्हतं. कोबोलला आज सगळे नावं ठेवतात, पण या एका बाबतीत तिची समज आजच्या कित्येक भाषांहून चांगली होती असं माझं स्पष्ट मत आहे.

वैज्ञानिकांच्या बाजूला मात्र आकडा छापताना किती घरं दाखवायची हा वेगळा, दुय्यम मुद्दा मानला गेला. यंत्राच्या पोटात एक आकडा, कागदावर दुसरा. याची किंमत काय असते हे कळलं १९६१ च्या हिवाळ्यात. एमआयटीत एडवर्ड लोरेन्झ एलजीपी-३० नावाच्या टेबलाएवढ्या संगणकावर हवामानाचं एक छोटं प्रारूप चालवत होता. आधीच्या गणिताचा एक भाग त्याला पुन्हा बघायचा होता. वेळ वाचवायला त्याने पहिल्यापासून सुरुवात न करता मधूनच केली, छापील कागदावरचे आकडे यंत्रात भरले आणि कॉफी प्यायला गेला. तासाभराने आला तोवर यंत्राने दोनेक महिन्यांचं हवामान पुढे नेलं होतं, आणि ते आधीच्या हवामानाशी जुळत नव्हतं. थोडा वेळ जुळलं, मग फाटा फुटला आणि शेवटी दोघांचा काही संबंधच उरला नाही. यंत्र बिघडलं असावं हा त्याचा पहिला संशय. खरं कारण असं होतं की यंत्राच्या स्मृतीत ०.५०६१२७ होतं आणि कागदावर जागा वाचवायला तीनच घरं छापली जात होती, ०.५०६. बाहेर काढताना तीन घरं गेली आणि परत आत घालताना ती येऊ शकली नाहीत.

यातून पुढे १९६३ चा लोरेन्झचा प्रसिद्ध शोधनिबंध आला आणि आपण ज्याला केऑस सिद्धांत म्हणतो त्याचा पाया पडला. ही गोष्ट फुलपाखराच्या नावाने सगळीकडे सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी आवडते. आजच्या भाषेत सांगायचं तर लोरेन्झने डेटा सिरियलाइज केला (म्हणजे यंत्राच्या पोटातली माहिती मजकुरात उतरवली) आणि परत वाचला. जाऊन-येऊन आकडा तोच राहिला पाहिजे ही अट पाळली गेली नाही. ही अट माझ्या संशोधनाचा निम्मा भाग आहे.

उरलेला निम्मा भाग शून्याचा. तिकडे जायच्या आधी आण्यांचा हिशोब पूर्ण करू. १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आलं. विल्यम कहान हे त्यामागचं मुख्य नाव, याच कामासाठी त्याला पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तोपर्यंत प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर दशांशांची गणितं वेगळी उत्तरं द्यायची, ती शिस्तीत आली. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आज तेच मानक आहे. त्यातल्या नेहमीच्या आकड्याला 'डबल' म्हणतात, त्यात ५३ द्विमान अंकांची अचूकता असते, आपल्या हिशोबात पंधरा ते सतरा अंक. पण त्यात अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा, दोन पैसे, एक पैसा (जुना, चौसष्टावा!) असे भाग जोडून तयार होतो. दीड, सव्वा, औट चोख बसतात. ०.१ बसत नाही. डबलमधला ०.१ खरं तर ०.१००००००००००००००००५५५ असा काहीतरी पुढे लांबत जाणारा आकडा असतो. म्हणूनच ०.१ मध्ये ०.२ मिळवले की जावास्क्रिप्ट ०.३०००००००००००००००४ सांगते. एका रुपयात शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर पैशांच्या किमती धरा. त्यातल्या डबलमध्ये चोख बसणाऱ्या किती? चारच. शून्य, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर. १९५७ च्या तक्त्यात ज्यांच्यावर हिशोब जुळत होता, त्याच.

०.१ ची ही अडचण जीवघेणी ठरली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दाहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो ०.१ चोवीस बिटांत तोडून ठेवलेला होता. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिल्यावर ती चूक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण चर्चांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. ०.१ डबलमध्ये न बसणं म्हणजे किमतीची हानी. १.५० चं १.५ होणं ही रूपाची हानी. दीड डबलमध्ये अगदी चोख बसतो, किमतीत काडीचा फरक पडत नाही, तरीही शून्य जातं. कारण डबलमध्ये 'किती घरं लिहिली होती' हे ठेवायला जागाच नाही. १.५, १.५०, १.५००० या सगळ्यांचा बिटांचा नमुना एकच. त्यामुळे अधिक अचूक डबल घ्या, चौपट मोठा घ्या, हे शून्य परत येणार नाही.

मग छापताना संगणक किती घरं छापतो? या प्रश्नावर १९९० मध्ये गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांचा एक सुंदर शोधनिबंध आला. त्यांचा नियम असा: परत वाचल्यावर नेमका तोच डबल मिळेल अशी सर्वांत तोकडी अंकमालिका छापा. लोरेन्झची अडचण यातून सुटली, बाहेर काढलेला आकडा आत घातला की तोच राहतो. आणि ०.१ हा ०.१ असाच दिसतो, त्याची शेपटी दिसत नाही. पायथनमध्ये हे ३.१ या आवृत्तीपासून, २००९ मध्ये आलं. त्याआधी तिथे नुसतं ०.१ टाइप केलं तरी ०.१०००००००००००००००१ दिसायचं आणि नवशिके घाबरायचे. पुढे २०१० चं ग्रिसू आणि २०१८ चं र्यू हे अल्गोरिदम आले, काम तेच, वेग जास्त. पण 'सर्वांत तोकडी' या शब्दांत शून्याचा मृत्यू लिहिलेला आहे. शेवटचं शून्य काढून टाकलं तरी डबल तोच राहतो, म्हणजे ते शून्य या नियमाने छापलंच जाणार नाही. किमतीची हानी थांबवणाऱ्या उपायाने रूपाची हानी कायमची पक्की केली.

यानंतर वेब आलं. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घाईघाईत, दहा दिवसांत उभी केली. तिच्यात संख्येचा प्रकार एकच ठेवला: डबल. वेगळा पूर्णांक नाही, वेगळा दशमान नाही. ब्राउझरमध्ये बटणं हलवायला ते पुरेसं होतं. २००१ च्या आसपास डग्लस क्रॉकफर्डने याच भाषेत वस्तू लिहिण्याची जी रीत आहे तिचा एक तुकडा कापून घेतला आणि त्याला जेसन हे नाव दिलं. आज तुमचं बँकेचं ॲप, रेल्वेचं ॲप, हवामानाचं ॲप सर्व्हरशी बोलतं ते बहुतेक वेळा जेसनमध्येच.

जेसनची मला वाटणारी गंमत अशी की त्याच्या व्याकरणात शून्याला बंदी नाही. १.५० हा तिथे पूर्ण वैध मजकूर आहे. आकड्याच्या सुरुवातीला फालतू शून्य चालत नाही (००७ लिहिता येत नाही), शेवटी मात्र कितीही चालतात. हा मजकूर वाचून त्याचं काय करायचं याबद्दल मानक जवळजवळ गप्प आहे. २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्ये एवढंच आहे की वाचणाऱ्याने आकड्यांच्या मर्यादा आणि अचूकता आपल्या परीने ठरवाव्यात, आणि सगळ्यांशी जुळवून घ्यायचं असेल तर डबलपुरती अचूकता धरून चालावं. म्हणजे पत्रात शून्य लिहिलेलं असतं, वाचणारा ते गिळतो. पाच रुपयांसाठी सर्व्हरने ५.०० पाठवलं, तर जावास्क्रिप्टमधून ते परत निघताना ५ होतं आणि पायथनमधून ५.० होतं. तीन यंत्रांतून फिरलेल्या आकड्याची शेवटची घरं बघून मला कधी कधी तो कुठून कुठून आला हे ओळखता येतं, बोलण्यावरून गाव ओळखावं तसं.

जगाला हे पहिल्यांदा ठळकपणे जाणवलं ते दशांशामुळे नाही, पूर्णांकामुळे. २०१० मध्ये ट्विटरने ट्विटांना ६४ बिटांचे नवे क्रमांक द्यायला सुरुवात केली. डबलमध्ये पूर्णांक सलग चोख राहतात ते ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, त्याच्या पुढचा ९००७१९९२५४७४०९९३ जावास्क्रिप्टला दिसतच नाही, तो परत ...९९२ होतो. म्हणजे एका ट्विटचा क्रमांक वाचता वाचता दुसऱ्या ट्विटचा होणार. ट्विटरने केलं काय, तर तोच क्रमांक दोनदा पाठवायला लागले: एकदा संख्या म्हणून, एकदा अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून. मजकुराला कुणी हात लावत नाही. २०१५ च्या आरएफसी ७४९३ ने हेच शिफारस म्हणून लिहून टाकलं: डबलमध्ये न बसणारी संख्या मजकूर म्हणून पाठवा.

पैशांच्या जगात दोन वाटा रूढ झाल्या. एक, रक्कम मजकूर म्हणून पाठवायची, "१५०.००". दुसरी, सगळं पैशांत मोजून पूर्णांक पाठवायचा, १५०००. दुसरी वाट मला पटते पण ती दिसते तितकी सरळ नाही. जपानी येनला दुय्यम नाणं व्यवहारात नाही, कुवेती दिनाराला तीन घरं लागतात. १५००० म्हणजे दीडशे की पंधरा की पंधरा हजार, हे चलन माहीत असल्याशिवाय कळत नाही. म्हणजे घरांची माहिती आकड्यातून काढली तरी ती शेजारी कुठेतरी लिहावीच लागते.

शून्य जाण्याने प्रत्यक्ष काय बिघडतं, असं विचाराल तर सगळ्यात सरळ उदाहरण डिजिटल सहीचं. सही संदेशाच्या अक्षरन् अक्षरावर केलेली असते. पाठवणाऱ्याने ५००.०० वर सही केली, घेणाऱ्याने संदेश वाचला, परत लिहिला, तो ५०० झाला, आणि सही जुळत नाही. पैसे तेवढेच, माणसं खरी, व्यवहार अडकला. २०२० च्या आरएफसी ८७८५ ने यावर तोडगा काढला: सही करण्याआधी जेसन एका ठरलेल्या रूपात आणायचं. ते ठरलेलं रूप कोणतं? जावास्क्रिप्ट जसं छापते तसं. म्हणजे दोन्हीकडचं शून्य आधीच कापायचं, म्हणजे भांडण नको. व्यवहार म्हणून ठीक आहे, पण मोजमापांच्या नोंदींसाठी हा उपाय रोग्याला मारून रोग बरा करण्यासारखा आहे.

शून्याला जपणारे लोक नव्हतेच असं मात्र नाही. जावामध्ये १९९७ पासून बिगडेसिमल नावाचा प्रकार आहे, तो अंक आणि घरांची संख्या वेगवेगळी ठेवतो. तिथे २.० आणि २.०० 'समान आहेत का' असं एका पद्धतीने विचारलं तर उत्तर 'नाही' येतं आणि दुसऱ्या पद्धतीने तुलना केली तर 'हो' येतं. नवे प्रोग्रामर यावर चिडतात. मला ते योग्य वाटतं, प्रश्न खरोखरच दोन आहेत. पायथनच्या डेसिमल प्रकारात १.३० आणि १.२० ची बेरीज २.५० येते, २.५ नाही. आयबीएममधल्या माइक काउलिशॉ यांनी या विचाराचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये आयईईई ७५४ च्या नव्या आवृत्तीत दशमान आकडे शिरले. त्यात १.५ आणि १.५० यांची किंमत एक, पण रूपं वेगळी, आणि दोन्ही रूपं यंत्राच्या पोटात वेगळी राहतात. आयबीएमच्या पॉवर६ चिपमध्ये २००७ सालीच हे थेट हार्डवेअरमध्ये आलं होतं. एक्सएमएलच्या जगातही अशी घरं सांभाळणारा दशमान प्रकार सुचवला गेला, पण मुख्य मानकात त्याला जागा मिळाली नाही, वेगळी टिपणी म्हणून तो उरला. आणि जावास्क्रिप्टमध्ये अलीकडे आकडा वाचताना त्याचा मूळ मजकूरही हाती मिळण्याची सोय काही ब्राउझरांत आली आहे. उशिरा का होईना.

आता माझ्या कामाकडे येते. पुढच्या नोंदी जपता येतील, पण ज्या आधीच डबलमधून गेल्या त्यांचं काय? एकट्या आकड्याला काही विचारून उपयोग नाही. समोर नुसतं १२ असेल तर पावसाच्या मापकावर १२.० वाचलं होतं की निरीक्षकाने अंदाजे १२ लिहिलं, हे कुणीही सांगू शकणार नाही. पण हजार आकड्यांची रांग बोलते. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत प्रामाणिकपणे वाचलं असेल, तर शेवटच्या घरात शून्य ते नऊ हे अंक साधारण सारखे यायला हवेत. म्हणजे दर दहातला एक आकडा पूर्णांक दिसायला हवा. रांगेत दहा टक्क्यांच्या आसपास पूर्णांक दिसले तर त्यांच्यामागचं '.०' यंत्राने खाल्लं. सगळेच पूर्णांक असतील तर मुळात तेवढंच मोजलं गेलं होतं. आणि तीस-चाळीस टक्के असतील, तर तिथे माणूस दिसायला लागतो: शेवटचा अंक शून्य किंवा पाच लिहायची सवय असलेला माणूस. (तुमच्या घरातल्या जुन्या रक्तदाबाच्या चिठ्ठ्या काढून बघा. पाऱ्याच्या यंत्राने घेतलेल्या वाचनांत १२०, १३०, ८०, ९० किती आणि १२६, ८४ किती, ते मोजा. पाऱ्याची पट्टी दोन-दोन मिलिमीटरची असते, तेव्हा शून्याने संपणारे आकडे पाचातला एक यायला हवेत.)

इंच आणि मिलिमीटर हा आणखी एक थर. जुन्या पावसाच्या नोंदी इंच आणि त्याच्या शंभराव्या भागात, म्हणजे सेंटमध्ये असायच्या. एक सेंट म्हणजे ०.२५४ मिमी. अशा नोंदी मिलिमीटरमध्ये बदलून एका घरापर्यंत आणल्या की ०.३, ०.५, ०.८, १.०, १.३ असे आकडे येतात, आणि ०.४, ०.६, ०.७ कधीच येत नाहीत. रांगेतली ही भोकं बघून नोंद मूळची इंचातली होती हे ओळखता येतं, वर शीर्षकात मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी. आपल्याकडे २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरतात. एक दशांश इंच म्हणजे २.५४ मिमी. आता विचार करा, १० सेंटची जुनी नोंद २.५ झाली, आणि एखाद्या प्रणालीने ती आणखी एक घर कापून २ केली. तो दिवस कोरडा ठरला. अशा दिवसांची संख्या एखाद्या गावासाठी वर्षाला चार-पाचने जरी हलली, तरी पावसाचे दिवस कमी होत चाललेत का, या प्रश्नाच्या उत्तरात हवामान किती आणि सॉफ्टवेअर किती, हे वेगळं करणं अवघड होऊन बसतं. पीक विम्यापासून धरणाच्या नियोजनापर्यंत अनेक ठिकाणी असे मोजके उंबरठे असतात.

म्हणून सध्या मी ज्या नोंदी तयार करते त्यात प्रत्येक वाचन तीनदा राहतं: कागदावर जसं लिहिलंय तसं, मजकूर म्हणून, शून्यासकट; गणितासाठी संख्या म्हणून; आणि तिसऱ्या रकान्यात घरांची संख्या. फाइल जवळजवळ दुप्पट होते आणि त्यावरून मला बोलणी बसतात. पहिल्या रकान्यात परवा एक नोंद आली, "१२.०", आणि तिच्यातलं शून्य शाईने नंतर घातलेलं, वेगळ्या हस्ताक्षरात. ते कुणी आणि का घातलं असेल यावर पुढच्या लेखात लिहीन. तोपर्यंत तुमच्याकडे जुन्या वजनांच्या, पावसाच्या, दुधाच्या फॅटच्या वह्या असतील तर शेवटच्या अंकांची मोजणी करून मला कळवा.